एकाच घरात दोन मायस्थेनिया: जनुकांचा संबंध किती आणि कुठे

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे: “माझी धाकटी बहीण २७ वर्षांची. दीड वर्षापूर्वी संध्याकाळी पापण्या पडू लागल्या, मग हात वर धरवेनात. मायस्थेनिया ग्रेव्हिसचे निदान झाले, रक्तात रिसेप्टरची अँटीबॉडी सापडली. गेल्या चवथीच्या सुमारास आमच्या काकांना, वय ६८, हाच आजार निघाला, अँटीबॉडीही तीच. एक डॉक्टर म्हणाले, हा आनुवंशिक नाही. दुसऱ्यांनी जनुकांची तपासणी करून घ्या म्हटले, आणि एका लॅबने पॅकेजही सुचवले आहे. बहिणीचे लग्न ठरत आहे, मुलाकडचे विचारतात की हे घराण्यात आहे का. मी आणि माझ्या मुलांनी तपासणी करावी का? बहिणीला आता प्रतिकारशक्ती दाबणारे अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करायचे म्हणतात.”

भाऊ, तुमच्या बहिणीचा आणि काकांचा आजार कागदावर एकाच नावाचा आहे. दोघांच्या रक्तात एकच अँटीबॉडी आहे आणि गोळीही एकच लागू पडते. तरीसुद्धा जनुकांच्या अंगाने पाहिले तर ते दोन वेगळे आजार आहेत असे मी म्हणेन. हे नीट उलगडून सांगतो, कारण ते कळले की लग्नाच्या प्रश्नाचे उत्तरही तुम्हाला त्यातच सापडेल.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहू. नस जिथे स्नायूला भेटते तिथे नस अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडते. स्नायूवर ते झेलणारे रिसेप्टर असतात. मायस्थेनियात आपल्याच प्रतिकारशक्तीने तयार केलेल्या अँटीबॉडी त्या रिसेप्टरवर बसतात, ते मोडतात आणि कमी करत जातात. पहिल्या काही हालचालींना स्नायू साथ देतो, पुढे देत नाही. म्हणून सकाळी ठीक आणि तिन्हीसांजेला पापणी खाली, अशी या आजाराची चाल असते. हा प्रतिकारशक्तीचा आजार असावा ही मांडणी १९६० साली ग्लासगोच्या जॉन सिम्पसन यांनी केली. १९७३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचले आणि सशांचे स्नायू तसेच लुळे पडले. तेव्हापासून शंका उरली नाही.

सत्तरी तालुक्यातली एक बाई सुनेला घेऊन माझ्याकडे आली होती. सून अबोलीचे वळेसर करून विकायची. दुपारनंतर एका हाताने डावी पापणी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने फुले ओवायची. घरचे म्हणायचे, झोप पुरत नाही. मी तिला एक मिनिट छताच्या पंख्याकडे बघायला सांगितले. डावी पापणी हळूहळू बुबुळावर उतरली, मग उजवी. हातमोज्यात बर्फ भरून दोन मिनिटे डाव्या डोळ्यावर ठेवला आणि काढला. पापणी वर. सासू खुर्चीतून उठलीच, “उगडलो गो दोळो!” थंडाव्याने अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारे रसायन मंदावते, एवढेच त्यात असते. ती सून तेव्हा २४ वर्षांची होती. रिसेप्टरची अँटीबॉडी तिच्याही रक्तात होती आणि छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वाढलेली होती. तुमची बहीण याच गटातली.

हा गट म्हणजे लवकर सुरू होणारा मायस्थेनिया, ढोबळमानाने पन्नाशीच्या आतला. यात बायका पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट असतात. थायमस ही प्रतिकारशक्तीच्या पेशींची शाळाच. ‘हे आपले, याला हात लावायचा नाही’ हा धडा पेशी तिथे शिकतात. या गटात नेमकी त्या शाळेतच अँटीबॉडी तयार करणारी केंद्रे उगवलेली दिसतात. काकांच्या गटात, म्हणजे उशिरा सुरू होणाऱ्यात, पुरुष जास्त असतात आणि थायमस वयाप्रमाणे आक्रसून चरबी झालेली असते. अँटीबॉडी तीच, पण ती तयार होण्याची वाट वेगळी.

आता जनुके. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा एक पट्टा आहे. शरीरात शिरलेल्या किंवा शरीरातल्याच प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीला दाखवण्याची जी ‘तबके’ पेशींवर असतात, ती या पट्ट्यातली जनुके घडवतात. माणसामाणसांत या तबकांचे साचे वेगळे असतात, म्हणूनच किडनी देताना एचएलए जुळवतात. कोणत्या साच्यात कोणता तुकडा घट्ट बसतो यावर प्रतिकारशक्ती कशाकडे वळून बघेल हे बरेचसे ठरते.

युरोपातल्या लवकर सुरू होणाऱ्या रुग्णांत बी-८ आणि डीआर-३ हे दोन साचे एकत्र, पुन्हा पुन्हा सापडतात. ही जोडी पिढ्यान् पिढ्या एकाच तुकड्यात पुढे जाते, त्यामुळे खरा दोषी कोणता हे वेगळे काढणे अवघड होते. २०१२ साली उत्तर युरोपीय वंशाच्या ६४९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सर्वांत जोरदार संबंध बी-८ शी निघाला. मला हे आजही बुचकळ्यात टाकते. अँटीबॉडी बनवायला मदत करणाऱ्या पेशी डीआर जातीच्या तबकांकडे बघतात, बी जातीच्या नव्हे. मग बी-८ वर का? समाधान होईल असे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. त्याच अभ्यासात टीएनआयपी१ नावाचे आणखी एक जनुक पुढे आले. दाह आटोक्यात ठेवणारा एक ब्रेक असतो, त्याच्याशी या जनुकाचा संबंध आहे.

उशिरा सुरू होणाऱ्यांत ही बी-८ ची जोडी वर येत नाही. नॉर्वेतल्या रुग्णांत त्या गटाशी डीआर-१५ चा संबंध दिसला. २०१५ मध्ये अमेरिकेत ९७२ रुग्णांची सगळी गुणसूत्रे चाळली गेली. तेव्हा एचएलएच्या त्याच पट्ट्यात लवकरच्या आणि उशिराच्या गटाचे ठसे वेगवेगळ्या जागी उमटले, आणि टीएनएफआरएसएफ११ए हे जनुक मुख्यतः उशिराच्या गटामुळे वर आले. दोन्ही गटांत सामाईक म्हणावे असे सीटीएलए४, प्रतिकारशक्तीला ‘आता पुरे’ म्हणणारे जनुक. ते थायरॉइडच्या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा, आजारांतही सापडते. म्हणून मायस्थेनियाच्या रुग्णाच्या घरात एखाद्या मावशीला थायरॉइड, एखाद्या आत्याला सांधेवात असे ऐकायला मिळते. मी प्रत्येक नव्या रुग्णाला हे विचारतोच, आणि रुग्णाचे थायरॉइडही तपासतो.

पुढे २०२२ मध्ये १,८७३ रुग्णांच्या अभ्यासात रिसेप्टर घडवणारी जनुकेच संशयितांच्या यादीत आली. याची चाहूल आधीही होती: २००७ साली रिसेप्टरच्या अल्फा भागाच्या जनुकात एक बारीक फरक सापडला होता, ज्यामुळे थायमसमध्ये रिसेप्टरचा ‘धडा’ कमी दाखवला जातो. शाळेत जे शिकवलेच नाही ते पेशींनी आपले म्हणून ओळखायचे कसे?

इथे एक सावधगिरी. वर सांगितलेले जवळजवळ सगळे युरोपीय वंशाच्या लोकांवरचे काम आहे. आपल्याकडे बी-८ आणि डीआर-३ एकत्र येतात, पण त्यांच्या शेजारचा पट्टा युरोपीयांसारखा नसतो. तिथे बहुधा ए-१ हा साचा असतो, भारतीयांत बऱ्याचदा ए-२६. युरोपात पीटीपीएन२२ या जनुकातल्या ज्या एका फरकाचा बोलबाला आहे, तो भारतीयांत फारच क्वचित सापडतो. चीन-जपानकडे तर लहान मुलांत, फक्त डोळ्यांपुरता राहणारा मायस्थेनिया बराच दिसतो आणि त्याचा संबंध डीआर-९ शी आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईची लॅब युरोपीय यादीशी ताडून तुमच्या बहिणीला ‘धोका अमुक टक्के’ लिहून देणार असेल, तर त्या आकड्यावर मी एक रुपयाही खर्च करणार नाही.

तिसरा गट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्याने मला एकदा चांगलाच धडा दिला. फोंड्याकडच्या एका महिला भजनी मंडळातल्या बाई, चाळिशीच्या आसपास. पहिला अभंग खणखणीत. दुसऱ्याला आवाज नाकात जायचा, तिसऱ्याला शब्दच कळेनासे व्हायचे. पेज पिताना ती नाकावाटे परत यायची. पापण्या जवळजवळ ठीक. रिसेप्टरची अँटीबॉडी नाही. एका ठिकाणी त्यांना टेन्शनची गोळी देऊन पाठवले होते, आणि मीही पहिल्या भेटीत खात्रीने काही सांगू शकलो नव्हतो. दुसऱ्या भेटीत जीभ बाहेर काढायला सांगितली तर कडेने बारीक झालेली, मध्ये खाचा. तेव्हा मस्क अँटीबॉडीची तपासणी पाठवली आणि ती अँटीबॉडी सापडली.

मस्क हे रिसेप्टरांना एका जागी गोळा करून ठेवणारे प्रथिन. त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी २००१ साली ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणली. आयजीजी या अँटीबॉडींच्या वर्गात काही पोटजाती आहेत; ही आयजीजी-४ जातीची असते, रिसेप्टरची आयजीजी-१ आणि ३ जातीची. हा फरक नुसता पुस्तकी नाही. आयजीजी-१ कॉम्प्लिमेंट नावाची मोडतोड करणारी साखळी पेटवते, आयजीजी-४ पेटवत नाही. म्हणून कॉम्प्लिमेंट थोपवणारी नवी महागडी इंजेक्शने मस्कच्या रुग्णाला देण्यात अर्थ नाही, थायमस काढूनही त्यांना फायदा होत नाही, आणि अँटीबॉडीच्या पेशी कमी करणाऱ्या रिटुक्सिमॅबने मात्र अनेकांचे आयुष्य पालटते. त्या बाई पुढच्या वर्षी पुन्हा मंडळात गायल्या.

जनुकांतही हा गट पूर्णपणे निराळा. यात बी-८ नाही, डीआर-३ नाही. इथे डीआर-१४, डीआर-१६ आणि त्यांच्यासोबत डीक्यू-५ सापडतात, आणि हे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. याच डीआर-१४ आणि डीक्यू-५ कुळातले साचे पेम्फिगस या अंगावर फोड येणाऱ्या आजारातही सापडतात. तोही आयजीजी-४ चाच आजार. त्वचा कुठे आणि जीभ कुठे! पण साचा जवळचा, अँटीबॉडीची जात एक, औषधही एक. माझ्या दृष्टीने या सगळ्या जनुकशास्त्रातली ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे: कोणता अवयव आजारी पडला यापेक्षा अँटीबॉडी कोणत्या वाटेने बनली, यावर आजाराचा स्वभाव जास्त अवलंबून असतो.

थायमसच्या गाठीसह येणारा मायस्थेनिया हा आणखी एक प्रकार, दर शंभरात दहा ते पंधरा रुग्णांचा. यात जन्मजात एचएलएचा हात फारसा दिसत नाही. बिघाड त्या गाठीच्या पेशींत, नंतर झालेला असतो आणि तो पुढच्या पिढीत जात नाही. तुमच्या काकांच्या छातीचा सीटी स्कॅन झाला नसेल तर तो आधी करून घ्या, ही गाठ आहे की नाही एवढ्यासाठी. गाठ नसेल तर त्यांच्या वयात थायमसच्या शस्त्रक्रियेच्या मागे लागू नका. बहिणीची गोष्ट वेगळी. तिच्या गटात गाठ नसतानाही थायमस काढल्याने फायदा होतो, हे २०१६ साली १२६ रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले. तिच्या डॉक्टरांशी याविषयी बोला. आणि काका काचबिंदूचे थेंब घालत असतील तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा. टिमोलॉलच्या थेंबांनीही मायस्थेनिया वाढतो आणि डोळ्यांचे औषध म्हणून ते सांगायचे राहून जाते.

आता घराण्याचा प्रश्न. एकबीज जुळ्यांपैकी एकाला मायस्थेनिया झाला तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्के निघाले आहे, द्विबीज जुळ्यांत चार-पाच टक्के. म्हणजे जनुकांचा वाटा आहेच, ‘आनुवंशिक नाही’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. एका पेशीतून जन्मलेल्या, सगळी जनुके सारखी असलेल्या दोन जिवांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्याला तो बहुतेक वेळा होत नाही. उत्तर युरोपात साधारण पाचात एकाकडे बी-८ असतो, आणि मायस्थेनिया लाखात पंधरा-वीस जणांना. साचा असणे आणि आजार होणे यांत एवढे अंतर आहे. तुमच्या बहिणीच्या मुलाला हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा किंचित जास्त, पण मुळात अगदीच कमी. काका आणि पुतणी यांना वेगवेगळ्या प्रकारचा मायस्थेनिया झाला याचा अर्थ घराण्यात प्रतिकारशक्तीचा थोडा कल असू शकतो एवढाच. ‘मायस्थेनियाचे जनुक’ घरात फिरते आहे असा नाही. तुम्ही आणि तुमच्या मुलांनी कसलीही तपासणी करू नये. साचा सापडला तर काही करता येणार नाही आणि नाही सापडला तरी खात्री मिळणार नाही.

मुलाकडच्यांना हे असेच सांगा. त्याला जोडून एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढे घबराट व्हायची नाही. मायस्थेनिया असलेल्या आईच्या बाळांपैकी साधारण १० ते २० टक्के बाळे पहिले काही दिवस किंवा आठवडे थोडी मलूल असतात, दूध ओढत नाहीत. आईची अँटीबॉडी नाळेतून गेलेली असते, ती विरली की बाळ ठणठणीत. हे जनुकांतून आलेले नसते. गरोदरपण ठरवून घ्या, बाळंतपण मोठ्या इस्पितळात करा, आणि तिच्या फाईलवर ठळक लिहून ठेवा की मॅग्नेशियमचे इंजेक्शन द्यायचे नाही. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध चालू असेल तर मूल ठरवण्याआधी ते बंद करून बदलावे लागते.

जनुकांची तपासणी खरोखर उपयोगी पडते अशा दोन जागा आहेत. पहिली तुमच्या घराला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी लागू असेल. दोन भावंडे माझ्याकडे आली होती, पापण्या तान्हेपणापासून पडलेल्या, आईवडील नात्यातले. दोघांची प्रत्येक अँटीबॉडी नकारात्मक. तरी कुठेतरी मायस्थेनिया म्हणून थोरल्याला चार वर्षे स्टेरॉइड दिलेले, मूल चंद्रासारखे गोल झालेले आणि उंची खुंटलेली. हा ऑटोइम्यून आजार नव्हताच. तो जन्मजात मायस्थेनिक सिंड्रोम होता, रिसेप्टरच्या एका भागाच्या जनुकातला, सीएचआरएनई नावाच्या, थेट दोष. याच जनुकातला एक दोष युरोपातल्या रोमा लोकांत फार आहे आणि तोच भारत-पाकिस्तानातल्या कुटुंबांतही सापडला आहे. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इथूनच गेले, त्याची ती खूणच म्हणायची. अशा मुलांना स्टेरॉइडचा काडीचाही उपयोग नसतो. सीएचआरएनईला पिरिडोस्टिग्मिन, म्हणजे मायस्थेनियाची नेहमीची गोळी, चालते, डॉक७ किंवा कोलक्यू या जनुकांत दोष असेल तर तेच औषध घात करते आणि सालब्युटॅमॉलने मूल उभे राहते. म्हणून लहानपणापासूनची लक्षणे, अँटीबॉडी नाहीत, भावंडांत तोच त्रास किंवा आईवडील नात्यातले, अशा घरात जनुकांची तपासणी अवश्य करावी. हे निदान झाले की पुढच्या मुलाबद्दलही नेमके सांगता येते.

दुसरी जागा तुमच्या बहिणीची. अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात मोडण्याचे काम काही एन्झाइम करतात. ती मंद असतील तर औषध साचते आणि अस्थिमज्जा दबते. पांढऱ्या पेशी एकदम उतरतात, केस मूठमूठ गळतात. युरोपात यासाठी टीपीएमटी हे एन्झाइम तपासतात. आपल्या लोकांत खरा धोका बऱ्याचदा एनयूडीटी१५ या जनुकात असतो. त्यातला कमजोर प्रकार युरोपीयांपेक्षा आपल्याकडे कितीतरी जास्त आढळतो, आणि नुसते टीपीएमटी नॉर्मल आले म्हणून निश्चिंत राहिलेली मंडळी मी आयसीयूत पाहिली आहेत. त्या पॅकेजचे पैसे वाचवा आणि तिच्या डॉक्टरांना ही एक तपासणी गोळी सुरू करण्याआधी करायला सांगा. दोन्ही प्रती कमजोर निघाल्या तर हे औषध तिच्यासाठी नाही. एक निघाली तर डोस कमी करून सुरू करतील. चांगल्या आल्या तरी पहिले दोन महिने रक्ताची तपासणी दर आठवड्या-पंधरवड्याला चुकवू नका.

तोपर्यंत तिला ताप आला, घसा धरला तर कोणाकडूनही सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा जेंटामायसिन, अमिकासिनची इंजेक्शने घेऊ देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो आणि मलेरियाची औषधे घाईत सुरू होतात, तेव्हा क्विनाइनचे नाव निघाले तर तिथेच थांबवून मायस्थेनिया आहे असे सांगा. एका श्वासात वीसपर्यंत आकडे मोजायला लावा. मधेच दम तुटत असेल किंवा तोंडातली लाळ गिळवत नसेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात न्या.